सकाळी ९ ते संध्याकाळी ५ ची वीज सवलत: कशाला टायमर लावावा आणि कशाला हात लावू नये

प्रश्न असा आहे: ऐरोलीत टू बीएचके. नवरा-बायको नोकरीला, मुलगी कॉलेजात, सासूबाई दिवसभर घरी. स्मार्ट मीटर बसला आहे, मे महिन्याचं बिल ४२० युनिटचं आलं. "सकाळी ९ ते संध्याकाळी ५ वीज स्वस्त म्हणतात. मग गिझर, एसी, वॉशिंग मशीन, स्कूटर, फ्रिज, सगळ्यालाच टायमर लावून टाकू का? सोसायटीच्या पंपाचंही तसंच करता येईल का? आणि याने ग्रिडला खरंच फरक पडतो की नुसती जाहिरात?"

फरक पडतो. पण सगळ्याला टायमर लावलात तर तुमचं बिल वाढण्याची शक्यता जास्त. वीज कधी स्वस्त आहे हे कळणं सोपं आहे. घरातलं कुठलं काम वाया न जाता थांबू शकतं, हे ठरवणं अवघड, आणि तुमचा खरा प्रश्न तोच आहे.

आधी पैशांचा हिशेब. महावितरणच्या घरगुती ग्राहकांना, टीओडी म्हणजे वेळेनुसार नोंद करणारा स्मार्ट मीटर असेल तर, १ जुलै २०२५ पासून ९ ते ५ या वेळेतल्या वापरावर युनिटमागे ८० पैसे सवलत सुरू झाली. पुढच्या वर्षांत ती टप्प्याटप्प्याने १ रुपयापर्यंत जाते. मी खाली सगळीकडे ८० पैसेच धरतो. तुमच्या बिलावरच्या टीओडीच्या रकान्यात जो आकडा असेल तो घालून हिशेब परत करा. बिलावर १६ टक्के वीज शुल्क लागतं, म्हणजे ८० पैशांचे हातात साधारण ९३ पैसे.

आता याच बिलावरचे स्लॅब बघा. ०-१००, १०१-३००, ३०१-५००, ५०० च्या वर. दुसऱ्या स्लॅबचं युनिट पहिल्याच्या जवळजवळ दुप्पट महाग आहे आणि तिसरं त्याच्याही वर. हिशेबापुरतं, वहन आकार (वीज घरापर्यंत वाहून आणण्याचा आकार) धरून, दुसऱ्या स्लॅबला ११ रुपये आणि तिसऱ्याला १५ रुपये धरू. ११ रुपयांच्या युनिटवर ८० पैसे म्हणजे सात टक्क्यांच्या आसपास सूट. याचा अर्थ, काम दुपारी ढकलताना वापर आठ टक्क्यांहून जास्त वाढला तर सवलत मिळूनही तुम्ही तोट्यात. तुम्ही ४२० युनिटवर आहात, म्हणजे तुमची शेवटची १२० युनिटं तिसऱ्या स्लॅबमधली. तिथे ही मर्यादा साडेपाच टक्क्यांवर येते.

एवढी एकच कसोटी लक्षात ठेवा. ज्या कामात साठा आहे (गरम पाणी, टाकीतलं पाणी, धुतलेले कपडे, बॅटरी) ते हलवता येतं. तो साठा गळका असेल तर किती गळतो ते मोजायचं, आणि पाच-आठ टक्क्यांपेक्षा जास्त गळत असेल तर ते काम होतं तिथेच राहू द्यायचं.

ग्रिडचं म्हणाल तर विजेचा साठा ग्रिडमध्ये जवळपास नसतोच. ज्या क्षणी जितकी वापरली जाते तितकीच त्या क्षणी तयार व्हावी लागते, आणि वारंवारता ४९.९० ते ५०.०५ हर्ट्झच्या पट्ट्यात ठेवावी लागते. सौरऊर्जा दुपारी १२-१ ला शिखरावर असते आणि संध्याकाळी साडेसहापर्यंत शून्यावर येते. नेमकं तेव्हाच ठाणे-नवी मुंबईत लोकल रिकाम्या होतात, घरोघरी दिवे, एसी, इंडक्शन सुरू होतात. कोळशावरचे संच दुपारी बंद करून संध्याकाळी सात वाजता चटकन परत चालू करता येत नाहीत. त्यांना किमान ५५ टक्के भारावर तरी चालत ठेवावं लागतं, म्हणजे संध्याकाळी ते हाताशी असतात. म्हणून दुपारी वीज उतू जाते आणि एक्स्चेंजवरचा, म्हणजे वीज कंपन्यांच्या खरेदी-विक्रीच्या बाजारातला, भाव तळाला जातो, तर उन्हाळ्यात संध्याकाळी तोच भाव १० रुपयांच्या कमाल मर्यादेला जाऊन टेकतो. तुम्ही दुपारी वापरलेलं एक युनिट वाया जाणाऱ्या उन्हातून येतं, रात्री आठला वापरलेलं बहुतेक कोळशातून. राज्याने शेतीपंपांना दिवसा वीज देण्यासाठी मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २.० हाती घेतली, १६ हजार मेगावॅटचं उद्दिष्ट ठेवून, त्यामागेही हेच गणित आहे. पंप दुपारी, ऊन दुपारी.

आपल्या जिल्ह्याच्या कडेलाच याचं मोठं रूप आहे. घाटघरचा २५० मेगावॅटचा उदंचन प्रकल्प मागणी कमी असताना पाणी वर चढवतो आणि मागणी वाढली की तेच पाणी खाली सोडून वीज करतो. तुमचा गिझर आणि सोसायटीची गच्चीवरची टाकी ही त्याचीच लहान भावंडं. फक्त ती वीज परत देत नाहीत, पुढची मागणी टाळतात.

घरं मिळून किती भार हलवू शकतात याचा पुरावा हवा असेल तर ५ एप्रिल २०२० ची रात्र आठवा. नऊ वाजता नऊ मिनिटं दिवे बंद केले तेव्हा देशाची मागणी सुमारे ३१ हजार मेगावॅटने खाली आली. केवळ दिव्यांनी. जलविद्युत संच आधीच सज्ज ठेवले होते म्हणून ते निभावलं. यातला दुसरा धडा टायमर लावणाऱ्यांसाठी आहे, तो पुढे पंपाच्या भागात सांगतो.

आता गिझर, कारण सगळे सुरुवात तिथूनच करतात आणि चूकही तिथेच करतात.

१५ लिटरचा २ किलोवॅटचा गिझर २७ अंशांचं पाणी ६० ला न्यायला ०.५८ युनिट घेतो, वेळ साधारण १७-१८ मिनिटं. २० लिटरची एक बादली ४० अंशांवर हवी असेल तर त्यात गरम पाणी लागतं ८ लिटर, बाकीचं नळाचं. म्हणजे एका बादलीला सुमारे ०.३ युनिट. चौघांच्या चार बादल्या, १.२ युनिट. ही सगळी दुपारी ढकलली तरी दिवसाचा फायदा एक रुपया. आता गळती बघा. गिझरच्या ऊर्जा लेबलवर 'स्टँडिंग लॉस' असा आकडा छापलेला असतो, २४ तासांचा आणि ४५ अंश फरकाचा. समजा तुमच्या लेबलवर तो ०.४ युनिट आहे. तुमचा फरक ३३ अंशांचा, म्हणजे दिवसाला ०.२९. दुपारी तीनला तापवलेलं पाणी सकाळी सातच्या आंघोळीला ठेवलंत तर मध्ये १६ तास जातात आणि ०.५८ पैकी ०.२ युनिट हवेत जातं. एक तृतीयांश! आपली मर्यादा आठ टक्के. सकाळची आंघोळ सकाळीच तापवा, वीस मिनिटं आधी बटण दाबा, संपलं की बंद करा.

याच हिशेबाने संध्याकाळची आंघोळ मात्र बसते. मुलगी कॉलेजातून सहाला येऊन आंघोळ करत असेल तर साडेचारला तापवा. दोन तासांची गळती चार टक्क्यांच्या आसपास. सासूबाईंना सकाळी घाई नसेल तर त्यांची आंघोळ साडेनऊनंतर, तिथे गळतीचा प्रश्नच नाही. एप्रिल-मेमध्ये तर गच्चीवरच्या टाकीतलं पाणी दुपारपर्यंत आपोआप इतकं तापतं की गिझरला हात लावायची गरज नसते. तेव्हा ते स्विच बंद राहिलं तर त्यासारखी बचत नाही. तीन लिटरचा इन्स्टंट गिझर असेल तर हा सगळा परिच्छेद विसरा. त्यात साठाच नाही, हलवणार काय?

वॉशिंग मशीन हे हलवायला सगळ्यात सोपं आणि सगळ्यात निरुपद्रवी. पण त्याआधी तापमान बघा. फ्रंट लोडवर ४० अंशांचा प्रोग्रॅम साधारण पाऊण युनिट खातो, थंड पाण्यावर तोच धुवा पाव युनिटच्या आसपास येतो. पाण्याचं तापमान बदलून अर्ध्या युनिटचे पाच-सात रुपये वाचतात, वेळ बदलून पाव युनिटवर वीस पैसे. 'डिले' बटण वापरणार असाल तर तुमच्या मशीनमध्ये तो वेळ सुरू होण्याचा आहे की संपण्याचा, ते एकदा तपासा. कंपन्यांमध्ये दोन्ही प्रकार आहेत. आणि दुपारी इमारतीत पाणी बंद असतं का तेही बघा, नाहीतर मशीन एरर देऊन भिजलेले कपडे पोटात घेऊन बसतं. सासूबाई घरी आहेत, त्यांना झेपत असेल तर अकराला लावून बाराला वाळत घातलेले कपडे नवी मुंबईच्या पावसाळ्यातही थोडे तरी सुकतात. रात्री डिले लावून सकाळपर्यंत ओले पडलेले कपडे परत धुवावे लागले तर हिशेब तिथेच संपला.

इस्त्री आणि घरघंटी शनिवार-रविवारी दुपारी. दोन्ही मिळून महिन्याला सात-आठ युनिट. घरघंटीबद्दल खालच्या मजल्यावरचेही आभार मानतील.

एसीबाबत मी सगळ्यात ठाम आहे, कारण 'प्री-कूलिंग'चा सल्ला हल्ली फार ऐकू येतो. तीन ते पाच रिकामी खोली थंड करून ठेवायची आणि संध्याकाळी त्या थंडाव्यावर काढायचं. कोरड्या हवेच्या गावात, जाड भिंतींच्या, नीट बंद होणाऱ्या घरात यात तथ्य आहे. ऐरोलीत पश्चिमेची खिडकी, सरकत्या ॲल्युमिनियमच्या फटी, संध्याकाळी स्वयंपाकघरातून येणारी वाफ आणि खाडीची दमट हवा. खोली जितकी जास्त वेळ थंड ठेवाल तितकी उष्णता भिंतींतून आत येत राहते आणि तितकी जास्त उपसावी लागते. दुपारी दीड युनिट घालून संध्याकाळचं पाऊण युनिट वाचतं, असा हा व्यवहार. आठ टक्के कुठे आणि दुप्पट कुठे! त्यामुळे नियम साधा ठेवा: माणूस जिथे, एसी तिथे. सासूबाई दुपारी एसी लावून झोपत असतील तर ती सवलत आपोआप मिळतेच आहे, तिला काही करायला नको. फक्त संध्याकाळी सगळे घरी आल्यावर पहिले दोन तास तीच आधीच थंड असलेली खोली वापरा, दुसरा एसी झोपताना लावा. संध्याकाळच्या शिखरातून एक अख्खा एसी बाहेर पडतो आणि कुठे काही जास्त जळत नाही.

आणि तापमान. २४ वरून २६ वर आणा आणि पंखा दोनवर ठेवा. ऊर्जा दक्षता ब्युरोच्या हिशेबाने एक अंश वाढवला की साधारण ६ टक्के वाचतात. तुमच्या ४२० पैकी दोन एसींचे २०० युनिट धरले तर दोन अंशांत २४ युनिट. ती सगळी तिसऱ्या स्लॅबमधून कमी होतात, म्हणजे साडेतीनशे रुपयांच्या पुढे. याच्या शेजारी वेळ बदलून मिळणारी रक्कम ठेवून बघा: मुलीच्या आणि सासूबाईंच्या मिळून दोन बादल्यांचे १८ युनिट, कपड्यांचे ५, इस्त्री-घरघंटीचे ८, स्कूटरचे २५, एकूण ५६ युनिट, शुल्कासकट ५२ रुपये. दोन्ही करा, पण क्रम चुकवू नका.

वर स्कूटरचे महिन्याचे २५ युनिट धरले ते असे. ती रोज स्टेशनवर उभी राहत असेल तर दुपारी घरी चार्ज होणार नाही, हे उघड आहे. मग रोज रात्री पूर्ण भरण्याऐवजी आठवड्यात लागेल तेवढीच भरा आणि शनिवार-रविवारी दुपारी पोट भरून घ्या. तीन-साडेतीन युनिटांची बॅटरी, दोन दिवसांत सहा युनिट जातात. लांबून आल्या आल्या लगेच प्लग लावू नका, अर्धा-पाऊण तास निवू द्या. पार्किंगमध्ये १६ अँपिअरचा सॉकेट थेट मीटरमधून, स्वतंत्र एमसीबी आणि आरसीसीबीसह (वीज गळली की लाइन तोडणारा सुरक्षा-स्विच). एक्स्टेंशन बोर्ड लोंबकळत ठेवलेला दिसला तर आधी तो काढा, सवलतीचं नंतर बघू. उद्या गाडी घेतलीत तर मात्र हे आकडे बदलतात. महिन्याला हजार किलोमीटर म्हणजे १६० युनिटच्या आसपास, आणि तुमच्या घरातली हलवता येण्याजोगी ती सगळ्यात मोठी वस्तू असेल.

इन्व्हर्टरची बॅटरी दुपारी भरून रात्री घर त्यावर चालवावं का, असं कोणी ना कोणी विचारतंच. लेड-ॲसिड असेल तर नाही. १५० अँपिअर-अवरच्या १२ व्होल्ट बॅटरीत कागदावर १.८ युनिट, वापरण्याजोगं त्याच्या अर्धं, आणि भरता-काढताना तीस टक्क्यांच्या आसपास जातं. वर रोजच्या उपशाने तिचं आयुष्य खलास. तिला वीज गेल्यावरच काम करू द्या.

टायमरबद्दल थोडं बारकाईने, कारण आग लागते ती इथे. २ किलोवॅटचा गिझर ८.७ अँपिअर ओढतो. त्याला ६ किंवा १० अँपिअरचा वायफाय प्लग लावू नका. १६ अँपिअर लिहिलेला घेतलात तरी पहिल्या दिवशी वीस मिनिटं चालवून प्लगला हात लावून बघा. कोमट चालेल, चटका बसला तर सॉकेटची पकड ढिली आहे, आधी तो सॉकेट बदला. त्याहून बरं म्हणजे डीबीमध्ये (घरातल्या एमसीबींच्या पेटीत) बसणारा टायमर आणि त्याने चालणारा २० अँपिअरचा कॉन्टॅक्टर, म्हणजे मोठा प्रवाह झेलणारा स्विच. काहीही असलं तरी ते बाथरूमच्या बाहेर, आणि त्या लाइनवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी. काट्याचे यांत्रिक टायमर स्वस्त असतात, पण वीज गेली की त्यांचं घड्याळही थांबतं. देखभालीसाठी तीन तास वीज बंद राहिली की तुमचा साडेचारचा गिझर साडेसातला लागायला लागतो आणि बिल येईपर्यंत कोणाच्या लक्षात येत नाही. आत छोटी बॅटरी असलेला डिजिटल घ्या. एसीला प्लग-टायमर मुळीच नको. रिमोटमधला टायमर वापरा, कारण चालत्या इन्व्हर्टर एसीची वीज मध्येच तोडणं त्याच्या बोर्डाला सोसत नाही.

आता सोसायटीचा पंप. घरापेक्षा इथे काम नीटनेटकं होतं, कारण टाकीतलं पाणी गळत नाही आणि तापत-निवत नाही. तोटा शून्य टक्के.

आकार किती आहे ते आधी कळू द्या. ६० फ्लॅट, घरटी चार माणसं, माणशी १३५ लिटर धरले तर दिवसाला ३२,४०० लिटर. साडेसात हॉर्सपॉवरचा पंप पाणी ५० मीटर चढवताना साधारण साडेसहा किलोवॅट ओढतो आणि तासाला २१,६०० लिटर टाकतो. म्हणजे रोज दीड तास, सुमारे १० युनिट. सगळी ९ ते ५ मध्ये बसवली तर दिवसाला ८ रुपये, महिन्याला २४०. सर्वसाधारण सभेत 'पंपाचं बिल निम्मं होईल' असं कोणी म्हणालं तर हा आकडा दाखवा. खर्च मात्र एक टायमर, दोन फ्लोट (पाण्याच्या पातळीवर चालणारे स्विच) आणि इलेक्ट्रिशियनचा अर्धा दिवस एवढाच आहे, त्यामुळे करण्यासारखं आहे.

गच्चीवरची घरगुती टाकी २५,००० लिटरची समजू, अग्निशमनाची वेगळी. संध्याकाळी आणि रात्री १०,००० जातात, सकाळी सहा ते नऊ १३,०००, दुपारभरात ९,४००. टाकी संध्याकाळी पाचला काठोकाठ हवी, म्हणजे सकाळी नऊपर्यंत पुरते. साडेनऊला पहिला भरणा, २३,००० लिटर, तास-सव्वा तास. सव्वाचारला दुसरा, पंचवीस-तीस मिनिटं. सकाळी नऊला टाकीत दोन हजारच उरतात, हे काठावरचं आहे. पाहुणे आले, सण आला की वरच्या मजल्यावर नळ फुसफुसायला लागतात. म्हणून टायमरला समांतर एक खालच्या पातळीचा फ्लोट हवाच: टाकी पंधरा-वीस टक्क्यांवर आली की वेळ कुठलीही असो, पंप लागला पाहिजे. असा दहा मिनिटं अवेळी चाललेला पंप एक युनिट खातो, सवलत बुडते ८० पैशांची. वरच्या मजल्याच्या शिव्या त्याहून महाग पडतात.

जोडणी अशी: टायमरचा संपर्क आणि खालच्या पातळीचा फ्लोट एकमेकांना समांतर. त्यांच्याशी एकसरीत वरच्या पातळीचा फ्लोट, म्हणजे टाकी भरली की बंद. आणि त्यांच्याशी एकसरीत खालच्या, जमिनीतल्या टाकीचा फ्लोट, म्हणजे महापालिकेचं पाणी आलेलं नसेल तर पंप कोरडा फिरणार नाही. हा शेवटचा फ्लोट कोणी 'सारखा ट्रिप होतो' म्हणून बायपास केलेला बऱ्याचदा सापडतो. आधी तो शोधा. हे सगळं स्टार्टरच्या कॉइलच्या लाइनमध्ये, मोटरच्या लाइनमध्ये नाही. टायमरचा संपर्क कॉइल सांभाळतो, मोटरचा प्रवाह त्यातून गेला तर तो चिकटून बसेल. पॅनेलवर मॅन्युअल-बंद-ऑटो असा निवड-स्विच ठेवा आणि त्याच्याखाली मराठीत चिठ्ठी चिकटवा, कारण वॉचमन बदलला की पहिल्याच दिवशी स्विच मॅन्युअलवर जातो आणि तिथेच राहतो. ओव्हरलोड रिले (मोटरने जास्त प्रवाह ओढला की ती बंद करणारा) मोटरच्या पाटीवरच्या प्रवाहावर लावायचा. स्टार-डेल्टा स्टार्टरमध्ये (मोटर दोन टप्प्यांत सुरू करणारा) रिले डेल्टाच्या आत असेल तर पाटीवरच्या आकड्याच्या ०.५८ पट. ११ अँपिअरची मोटर असेल तर ६.४ च्या आसपास. पूर्ण अकरावर ठेवलेला रिले मोटर जळेपर्यंत गप्प बसतो.

आणि ५ एप्रिलचा राहिलेला धडा हा. नऊच्या ठोक्याला कुठलाही टायमर लावू नका. सगळ्या सोसायट्यांचे पंप आणि सगळ्या घरांचे गिझर बरोबर ९:०० ला उठले तर आपण संध्याकाळचं शिखर मोडून सकाळी नवीन उभं करतो, आणि त्याचा पहिला फटका तुमच्याच गल्लीतल्या ट्रान्सफॉर्मरला. ९:३०, ९:४२, १०:११, असल्या वेड्यावाकड्या वेळा घाला. दुपारचा शेवटही पाचच्या वीस मिनिटं आधी, म्हणजे मीटरच्या आणि टायमरच्या घड्याळातला फरक आड येणार नाही.

संध्याकाळी जास्त दर लागतील का, हेही सोबतच सांगतो. घरगुती ग्राहकाला आत्ता फक्त सवलतीची बाजू दिसते आहे, उद्योगांना संध्याकाळचा जादा आकार आधीपासून आहे. केंद्राच्या २०२३ च्या सुधारित ग्राहक हक्क नियमांत सौर तासांत किमान २० टक्के स्वस्त आणि शिखर तासांत घरगुतीसाठी किमान १.१ पट, अशी तरतूद आहे. राज्याचा आयोग ती कशी आणतो त्यावर पुढचं ठरेल. १.१ पट आली तर संध्याकाळचा तो दुसरा एसी आणखी महाग होईल, सकाळचा गिझर होता तिथेच राहील.

काही बदलण्याआधी आठ दिवस नुसतं मोजा. महावितरणच्या ॲपवर रोजचा वापर दिसतो, तो वहीत लिहा. मीटरवर लुकलुकणारा लाल दिवा असतो आणि शेजारी एका युनिटला किती लुकलुक ते छापलेलं असतं, बहुतेक ठिकाणी ३२०० किंवा १६००. दुपारी सासूबाईंच्या झोपेच्या वेळी एसी नसताना पाच मिनिटं मोजा. ३२०० च्या मीटरवर चाळीस लुकलुक झाली तर तासाला ०.१५ युनिट सतत चालू आहे. ते दिवसाचे साडेतीन युनिट आणि महिन्याचे शंभराच्या वर. त्यात फ्रिज आहे, पंखा आहे, पण सेट-टॉप बॉक्स, राउटर आणि कोपऱ्यात विसरलेला जुना चार्जरही आहे. तिथून जे निघेल ते पूर्ण १५ रुपयांच्या भावाने वाचतं.

राहिला फ्रिज. अडीचशे लिटरचा बरा फ्रिज दिवसाला ०.६ युनिट घेतो. संध्याकाळचे चार तास टायमरने बंद ठेवलात तर फार तर ०.१ युनिट इकडून तिकडे जाईल, म्हणजे ८ पैसे. त्या बदल्यात आठ वाजता, दार सगळ्यात जास्त वेळा उघडतं तेव्हा, दूध कोमट. त्याला टायमर लावू नका. मागची जाळी झटका, भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा आणि दाराच्या रबरात कागद धरून ओढून बघा. कागद सहज सुटला तर रबर बदला.